कंपोस्टेबल कप आणि साठ अंशांची रेषा

नवी दिल्ली : केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी घातली, तेव्हा पेले, ताटल्या, चमचे, काटे आणि स्ट्रॉ यांच्यासाठी एक दार उघडे ठेवले होते. कंपोस्टेबल, म्हणजे योग्य परिस्थितीत खतात मिसळून जाणाऱ्या प्लॅस्टिकपासून बनवलेल्या वस्तूंना या बंदीतून सूट मिळाली. तेव्हापासून उपाहारगृहे, केटरिंग व्यावसायिक, समारंभांची कार्यालये आणि घरपोच अन्न पोहोचवणारी स्वयंपाकघरे या दाराने आत आलेला नवा माल वापरू लागली आहेत. त्यातला बराचसा माल पॉलिलॅक्टिक आम्ल, अर्थात ‘पीएलए’ नावाच्या वनस्पतिजन्य पॉलिस्टरचा असतो. थंड सरबतासाठी, आईस्क्रीमसाठी, कापलेल्या फळांसाठी तो उत्तम चालतो. मात्र त्याच पारदर्शक पेल्यात वाफाळता चहा ओतला, तर मिनिटभरात पेला मऊ पडतो, कडा आत झुकतात आणि तो हातात धरवत नाही.

ग्राहकाला हा निकृष्ट मालाचा दोष वाटतो आणि विक्रेत्याला फसवणूक. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही तर्क चुकीचे असतात. पेला अस्सल असतो, त्याचे प्रमाणपत्रही खरे असते, आणि तो त्याच्या रसायनशास्त्राप्रमाणेच वागत असतो. गफलत झालेली असते ती योग्य पदार्थ अयोग्य तापमानाला नेमण्यात. भारतात आता पीएलएचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन उभे राहू पाहत असताना ही गफलत वेळीच निस्तरणे आवश्यक झाले आहे.

उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात कुंभी येथे बलरामपूर चिनी मिल्स या साखर कंपनीचा वार्षिक ८० हजार टन क्षमतेचा पीएलए प्रकल्प आकाराला येत असून, २०२५ च्या फेब्रुवारीत त्याची पायाभरणी झाली. पुणे जिल्ह्यात जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जैव-बहुवारिकांचे, म्हणजे जैविक कच्च्या मालापासून तयार होणाऱ्या प्लॅस्टिकचे, प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले आहे. दोन्ही ठिकाणी तर्क एकच आहे. उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळवायचे आणि त्याची साखळी जोडून प्लॅस्टिक बनवायचे. साखर आणि इथेनॉल यांच्या भावांवर हिंदकळणाऱ्या ऊसपट्ट्याला तिसरी बाजारपेठ मिळावी, ही त्यामागील आर्थिक प्रेरणा आहे. ही बाजारपेठ अखेर कपाट्यांतून, चमच्यांतून आणि डब्यांतूनच उभी राहणार असल्याने, त्या वस्तू भारतीय स्वयंपाकघराच्या उष्णतेत टिकतात की नाही हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता उरत नाही.

लॅक्टिक आम्ल मराठी घराला अनोळखी नाही. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. स्वीडिश रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७८० मध्ये नासलेल्या दुधातून ते वेगळे केले. या आम्लाचे रेणू एकमेकांना जोडताना प्रत्येक जोडणीगणिक पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि मागे ‘एस्टर’ नावाचा बंध तयार होतो. असे शेकडो-हजारो बंध असलेली साखळी म्हणजे पॉलिस्टर. बाहेर पडलेले पाणी पुन्हा परतले, सोबत उष्णता असली आणि पुरेसा अवधी मिळाला, तर ते त्याच बंधात शिरून साखळी तोडू शकते. साखळी तुटण्याची ही क्रिया म्हणजे जलविच्छेदन. पीएलए कंपोस्टमध्ये नाहीसे होण्याची सुरुवात येथूनच होते. आधी पाणी साखळीचे तुकडे करते, ते पुरेसे लहान झाले की सूक्ष्मजीव ते खातात.

गरम चहाने पेला मोडतो तो मात्र या कारणाने नव्हे. चहा पिऊन संपायला लागणाऱ्या दहा मिनिटांत जलविच्छेदन जवळपास नगण्य असते. तेथे घडते ते निराळेच, आणि ते समजण्यासाठी चिक्कीचे उदाहरण पुरेसे आहे. थंड चिक्की काचेसारखी कडक असते आणि दाबली की तुकडा पडतो. तीच किंचित गरम केली की वाकते. ती वितळलेली नसते, फक्त तिच्यातील रेणूंना हालचालीची मुभा मिळालेली असते. अशा पदार्थांच्या बाबतीत कडकपणा संपून लवचीकपणा सुरू होण्याच्या तापमानाला काच-संक्रमण तापमान म्हणतात. पीएलएच्या बाबतीत ते सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सिअस आहे. त्याचा वितळणबिंदू १५० अंशांच्या वर असला तरी पेला वितळण्याची वाट पाहत नाही. साठ अंश ओलांडताच तो उभे राहण्याची ताकद गमावतो. पातेल्यातून थेट ओतलेला चहा ही रेषा सहज ओलांडतो, आणि उकळते सांबार किंवा पातळ भाजी तर त्याहूनही पुढे जाते.

चिक्कीचे साम्य आणखी एका बाबतीत टिकते. पावसाळ्यात उघडी राहिलेली चिक्की मऊ आणि चिकट होते, कारण हवेतील ओलावा तिच्यात शिरून तिचे हे संक्रमण-तापमान खाली ओढतो. पीएलएही थोडे पाणी शोषते आणि त्याचे मऊ पडण्याचे तापमान काही अंशांनी घसरते. त्यामुळे कोरड्या ओव्हनमध्ये तग धरणारी वस्तू त्याच तापमानाच्या पाण्यात आधी हार मानते. कोरड्या हवेतील आकड्यांवरून गरम रश्श्याबाबत अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

ही मर्यादा नवी नाही. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अशा अनेक पॉलिस्टरांवर काम केले आणि लॅक्टिक आम्लापासूनची साखळीही तपासली. त्या पिढीची पॉलिस्टरे कमी तापमानाला मऊ होत आणि पाण्यापुढे कमकुवत ठरत. वस्त्रोद्योगासाठी ती निरुपयोगी होती, म्हणून कॅरदर्स यांचे लक्ष नायलॉनकडे वळले. इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये साखळीत बेंझीनची ताठ कडी बसवून पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे ‘पेट’, तयार केले. त्याच धाग्याला टेरिलीन हे नाव मिळाले, आणि इस्त्री न मोडणाऱ्या सदऱ्यांमुळे ते भारतातही घरोघरी पोहोचले. पेट आणि पीएलए ही दोन्ही पॉलिस्टरेच आहेत. एकाच्या साखळीत ताठ कडी आहे, दुसऱ्याच्या नाही. तेवढ्या फरकाने एक शतकानुशतके पडून राहण्याइतके टिकाऊ झाले, तर दुसरे उष्ण खड्ड्यात काही महिन्यांत विरघळणारे.

विशेष म्हणजे कॅरदर्स यांना नडलेली हीच दुर्बलता पुढे शल्यचिकित्सकांच्या कामी आली. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनलेले टाके १९७० च्या दशकापासून शस्त्रक्रियेत वापरले जातात. ३७ अंशांच्या शरीरातील पाणीच ते हळूहळू तोडते, आणि टाके काढण्यासाठी रुग्णाला पुन्हा यावे लागत नाही.

‘जैव-आधारित पॉलिस्टर’ या एका शब्दाखाली मात्र परस्परांहून फार वेगळे पदार्थ येतात, आणि बाजारातील गोंधळाचे एक मूळ तेथे आहे. कोका-कोला कंपनीने २००९ मध्ये आणलेल्या बाटलीतील सुमारे ३० टक्के भाग वनस्पतींपासून मिळवला होता, तरी रासायनिकदृष्ट्या ती नेहमीचीच पेट होती. गरम पाण्यात ती पेटसारखीच वागते आणि मातीतही पेटसारखीच टिकते. उलट भारतात ‘मी प्लॅस्टिक नाही’ असे छापून विकल्या जाणाऱ्या अनेक कंपोस्टेबल पिशव्यांचा मुख्य घटक पीबीएटी असतो. तोही पॉलिस्टर असून सूक्ष्मजीव तो खाऊ शकतात, पण त्याचा कच्चा माल बव्हंशी खनिज तेलातूनच येतो. त्यामुळे पिशवीवरील ते वाक्य रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही. जिवाणूंच्या पेशींत तयार होणारे पीएचबी हे आणखी एक टोक. त्याचे काच-संक्रमण तापमान शून्याच्या थोडे वर असूनही ते गरम पाण्यात आकार सोडत नाही, कारण त्याच्या साखळ्या घट्ट स्फटिकांत रचलेल्या असतात आणि ते स्फटिक १७० अंशांच्या आसपास वितळतात.

या शेवटच्या उदाहरणात पीएलएच्या समस्येचे उत्तरही दडलेले आहे. चिक्की आणि खडीसाखर दोन्ही साखरेचीच, पण खडीसाखर कोमट झाली म्हणून वाकत नाही. तिच्यातील रेणू शिस्तीने रचलेले असतात. पीएलएलाही अशी शिस्त लावता येते. त्यात शंखजिऱ्याची पूड मिसळून, साच्यातच ते १०० अंशांच्या वर काही काळ तापवले की स्फटिक वाढतात आणि वस्तू ८५ अंशांच्या आसपासपर्यंत आकार धरून राहते. कॉफीच्या कपांवरील पांढरी झाकणे आणि अपारदर्शक कंपोस्टेबल चमचे बहुधा या प्रकारचे असतात. त्याहून पुढची पायरी १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवली. लॅक्टिक आम्लाची दोन रूपे एकमेकांची आरशातील प्रतिमा असतात, आणि त्या दोन्हींच्या साखळ्या एकत्र आणल्या तर त्या एकमेकींत गुंतून २३० अंशांच्या आसपास वितळणारा स्फटिक तयार करतात. त्यात अडचण खर्चाची आहे, कारण दुसरे रूप स्वतंत्रपणे आंबवून घ्यावे लागते.

स्फटिकयुक्त पीएलएही फुकट मिळत नाही. साच्यात माल अधिक वेळ थांबतो, म्हणजे त्याच यंत्रातून तासाला कमी नग निघतात. पारदर्शकता जाते. आणि लघुउद्योगाच्या दृष्टीने सर्वांत जाचक अट वेगळीच आहे. पीएलएचे दाणे वितळवण्यापूर्वी त्यांतील ओलावा ०.०२५ टक्क्यांच्या खाली आणावा लागतो. तसे न केल्यास १८० ते २१० अंशांच्या यंत्रात तेच पाणी साखळ्या तोडते आणि तयार माल जन्मतःच ठिसूळ निघतो. वसई किंवा दमणमधील साचेकाम करणाऱ्या छोट्या कारखान्यांची आयुष्यभराची सवय पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिस्टायरीनची, ज्यांना सहसा असे सुकवावे लागत नाही. जुलै महिन्यात, हवेत पाणी लटकत असताना, विशेष सुकवणी यंत्रणेशिवाय पीएलए चालवणाऱ्या कारखान्याचे चमचे भाताच्या पहिल्या घासालाच मोडले तर नवल नाही. बंदीनंतर नव्या मालाकडे वळलेल्या उद्योजकाला कर्ज, यंत्र आणि प्रमाणपत्र यांची माहिती मिळते. ओलाव्याची बहुधा पहिली खेप नाकारली गेल्यावर कळते.

उन्हाळा हा या कथेचा आणखी एक भाग आहे. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली होती. बंद मालमोटारीच्या आत तापमान बाहेरच्या हवेहून बरेच वर जाते. अशा प्रवासात पारदर्शक पीएलएचे पेले चहाचे तोंडही न पाहता एकमेकांत रुतून निकामी होऊ शकतात. युरोपातील गोदामांसाठी लिहिलेल्या साठवणुकीच्या सूचना मध्य भारतातील मे महिन्यात पाळणे किती व्यवहार्य आहे, याचा विचार खरेदीच्या वेळी क्वचितच होतो.

कागदी कपांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. तेथे उभे राहण्याचे काम कागद करतो आणि आतले पातळ अस्तर केवळ पाणी अडवते. म्हणून अस्तर पीएलएचे असले आणि साठ अंशांना मऊ पडले तरी कप कोसळत नाही. गरम चहासाठी वनस्पतिजन्य पॉलिस्टरचा हा सध्याचा सर्वांत सुसह्य वापर म्हणता येईल. अस्तरातून चहात काय उतरते हा प्रश्न मात्र कायम राहतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी कागदी कपात १५ मिनिटे ठेवल्यास सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लॅस्टिककण पाण्यात येतात. देशातील अशा कपांचे अस्तर बहुतांशी पॉलिथिलीनचे असते, त्यामुळे हा निष्कर्ष पीएलएला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, असेही त्यातून सिद्ध होत नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये कागदी कप काही आठवडे पाण्यात आणि गाळात ठेवून त्यांचा चिलटांच्या अळ्यांवरील परिणाम तपासला. पीएलएचे अस्तर असलेल्या कपांनीही अळ्यांची वाढ बाधित झाली. लॅक्टिक आम्ल स्वतः निरुपद्रवी असले, तरी तयार मालात स्थैर्य देणारी, रंग देणारी आणि साखळी लांबवणारी इतर द्रव्येही असतात.

चहाच्या पुड्यांत हा प्रश्न अधिक थेट आहे, कारण तेथे पॉलिस्टर उकळत्या पाण्यात बुडवलेच जाते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९ मधील अभ्यासात नायलॉन आणि पेटच्या जाळीदार पुड्या ९५ अंशांच्या पाण्यात बुडवल्यावर अब्जावधी सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडल्याचे आढळले होते. त्यानंतर अनेक कंपन्या पीएलएच्या जाळीकडे वळल्या. ती जाळी पाण्यात आकार राखते, कारण धागा ओढताना साखळ्या सरळ रचल्या जाऊन स्फटिक तयार होतात. युरोपीय संघाच्या नव्या वेष्टन नियमावलीनुसार फेब्रुवारी २०२८ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या चहाच्या पुड्या औद्योगिक खतप्रक्रियेत विघटनशील असणे बंधनकारक होईल. आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरीचा चहा पुड्यांत भरून तिकडे पाठवणाऱ्या भारतीय निर्यातदारांना ही तारीख ध्यानात ठेवावी लागेल.

देशांतर्गत नियमांची रचना पाहिली तर एक पोकळी ठळकपणे दिसते. कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठी आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्यामागील विघटनाची प्रमुख चाचणी सुमारे ५८ अंश तापमानाला होते, आणि सहा महिन्यांत ९० टक्के कर्ब कर्बवायूत रूपांतरित होणे अपेक्षित असते. ५८ हा आकडा योगायोगाचा नाही. औद्योगिक खतप्रक्रियेत ढीग एवढा तापतो, आणि पीएलएच्या साखळ्या सैल पडून पाणी आत शिरू लागते तेही याच सुमारास. म्हणजे ज्या तापमानाला कप निकामी होतो, साधारण त्याच तापमानाला तो खत होण्यास पात्र ठरतो. पण मानक केवळ त्याचा शेवट तपासते. वापरात असताना तो किती उष्णता सोसेल, याच्याशी त्या प्रमाणपत्राचा संबंध नाही.

अन्नसुरक्षेच्या बाजूने भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८ चे वेष्टन-नियम आहेत. प्लॅस्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांवर किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि वापराच्या तापमानानुसार चाचणीच्या अटी ठरतात. त्या चाचणीत द्रव्य किती उतरले हे मोजले जाते. दोन नियमांच्या मधोमध, हा पेला किती अंशांपर्यंत वापरावा हे ग्राहकाला ठळकपणे सांगणारा शिक्का हरवला आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर जैवविघटनशील प्लॅस्टिकवर किती दिवसांत आणि कोणत्या परिसरात विघटन होईल हे लिहावे लागते. त्याच ओळीत कमाल तापमानाचा एक आकडा वाढवणे मोठ्या खर्चाचे काम नाही, आणि तो वाढवण्यास उद्योगानेही विरोध करण्याचे कारण दिसत नाही. वाकलेल्या पेल्यांनी उत्पादनाची होणारी बदनामी त्यालाच अधिक महाग पडणार आहे.

गरम पाण्याची आणखी एक गाठ पेला फेकल्यानंतर पडते. भारतात पेटच्या बाटल्या भंगारवाले गोळा करतात आणि पुनर्वापर करणारे कारखाने त्यांचे तुकडे करून गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात. पारदर्शक पीएलए दिसायला पेटसारखेच, आणि दोन्ही पाण्यात बुडणारी, त्यामुळे तरंगणारी झाकणे जशी वेगळी होतात तसे ते होत नाही. धुलाईत ते मऊ पडून चिकटते आणि काही अंशी विघटित होते. पुढे पेट सुकवण्याच्या १५० अंशांहून अधिक तापमानात उरलेल्या तुकड्यांचे गोळे बनतात. कचऱ्यातून पेट वेचून पोट भरणाऱ्याला या दोहोंतील फरक हाताने ओळखता येत नाही, आणि अशुद्ध मालाचा भाव पडला तर कात्री त्याच्याच कमाईला लागते. मोठ्या शहरांत वेगळे केलेले पीएलए ५८ अंशांच्या खतढिगापर्यंत पोहोचवणारी साखळी अद्याप तुटपुंजी आहे. तेथे न पोहोचलेला पेला नदी-समुद्रात गेला तर गार पाण्यात तो जवळपास तसाच राहतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील प्रयोगात पीएलए ४२८ दिवसांनंतरही विघटनाची चिन्हे दाखवत नव्हते.

पीएलएसाठी गरम पाण्याचा एक सदुपयोगही आहे. बंद भांड्यात, दाबाखाली १६० अंशांच्या वर तापवलेल्या पाण्यात त्याच्या साखळ्या काही तासांत तुटून पुन्हा लॅक्टिक आम्ल मिळते, आणि त्यापासून नवे पीएलए बनवता येते. साखर कारखान्याकडे वाफ असते, आंबवणीची आणि आम्ल शुद्ध करण्याची व्यवस्था पीएलए प्रकल्पात असतेच. तेव्हा वापरलेला माल परत घेण्याची जबाबदारी याच उत्पादकांवर टाकण्याचा पर्याय तांत्रिकदृष्ट्या खुला आहे. विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या चौकटीत कंपोस्टेबल प्लॅस्टिकचा स्वतंत्र वर्ग आधीच अस्तित्वात आहे. सध्या तरी उत्तर प्रदेशाच्या २०२४ च्या जैवप्लॅस्टिक धोरणाचा भर भांडवली अनुदानाने कारखाने आणण्यावर आहे. कुंभीचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालू लागला की देशाला एकाच ठिकाणाहून वर्षाला ८० हजार टन पीएलए मिळेल. त्यातील किती माल थंड पेयांच्या पारदर्शक पेल्यांत जाईल, किती स्फटिकयुक्त होऊन गरम जेवणाच्या डब्यांत जाईल आणि किती कागदी कपांच्या अस्तरात, हे साचे मागवले जात असतानाच ठरणार आहे.